फरशी नंतर बघा, आधी जमीन कोणाची ते विचारा

दिवाळीच्या पाडव्याला भाचा जोडीने फराळाला आला, तेव्हा त्याच्या हातात चकलीच्या डब्याऐवजी घणसोलीच्या एका प्रकल्पाचं गुळगुळीत पुस्तक होतं. "मावशी, पंच्याऐंशीत बसतंय. सतरा लाख आपले, बाकी बँक. टोकन देऊन आलोय."

मी तेवीस वर्षं एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात फायली तपासल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कोणी घराची किंमत सांगितली की हात पेन्सिलीकडे जातो. त्याच पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी लिहून दिलं:

स्टॅम्प ड्युटी ७ टक्के: ५,९५,०००. नोंदणी फी: ३०,०००. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के: ४,२५,०००. एकूण साडेदहा लाख.

या साडेदहा लाखांसाठी बँकेचं कर्ज धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के, ही कमाल मर्यादा. आणि घराची किंमत मोजताना स्टॅम्प ड्युटी-नोंदणी त्यात धरायची नाही. म्हणजे त्याला सतरा लाख नव्हे, साडेसत्तावीस लाख रोख उभे करायचे होते. भाचेसुनेने चकली तशीच ताटात ठेवली.

घर घेताना आपल्याला वाटतं, व्यवहार दोघांत आहे, आपण आणि बिल्डर. टेबलाशी तिसरा बसलेला असतो, तो सरकार. तो काही घेतो, थोडं देतो, आणि नवी मुंबईत तर बहुतेक ठिकाणी जमीनच स्वतःकडे ठेवतो. त्याच्याशी आधी हिशेब करा. मार्बल आणि मॉड्युलर किचन कुठे पळून जात नाही.

सरकार किती घेतं

७ टक्क्यांचा हिशेब असा: मूळ मुद्रांक शुल्क ५, स्थानिक संस्थेचा अधिभार १ आणि एप्रिल २०२२ पासून लागलेला मेट्रोचा १. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे हेच. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट मिळते. भाच्याच्या हिशेबात ते ८५,००० रुपये. त्याने लगेच विचारलं, "दोघांच्या नावावर घेतलं तर?" नाही मिळत. पुरुषाचं नाव खरेदीखतात आलं की सूट गेली. कर्जाला मात्र नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्याला काही अडचण नाही. पूर्वी अशी भानगड होती की सूट घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये निघाली. इथे एक घरगुती सूचना: नाव घालण्याआधी नवरा-बायकोने शांतपणे बोलून घ्या. ८५,००० वाचवायला म्हणून बायकोचं नाव लावलं आणि नंतर आयुष्यभर "माझ्या पैशाचं घर" ऐकवत बसले, अशी दोन घरं माझ्या ओळखीत आहेत.

जीएसटीचं गणित सोपं आहे, पण लोक तिथेच फसतात. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेल्या घरावर जीएसटी शून्य. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के. अपवाद परवडणाऱ्या घराचा: आपल्या मुंबई महानगर पट्ट्यात कारपेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल, तर १ टक्का. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. ही ४५ लाखांची रेघ २०१९ सालची आहे. तेव्हापासून ऐरोलीच्या वडापावचा भावसुद्धा कुठल्या कुठे गेला, रेघ तिथेच. म्हणून "परवडणारं घर" हा शब्द जाहिरातीत वाचलात की ४५ चा आकडा डोळ्यासमोर आणा. बहुतेक वेळा त्या शब्दाचा कायद्याशी संबंध नसतो.

जुनं घर घेणाऱ्याने रेडी रेकनर बघावा. दरवर्षी साधारण १ एप्रिलला सरकार प्रत्येक विभागाचा दर जाहीर करतं, आणि करारातली किंमत व रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर स्टॅम्प ड्युटी लागते. समजा कोपरखैरण्यात सौदा ६० लाखांत ठरला आणि रेकनरने किंमत ६८ लाख निघाली. ड्युटी ६८ वर भराल, ते ठीक. पण फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त झाला की आयकर खातं मधले ८ लाख तुमचं उत्पन्न धरतं. विकणाऱ्याचाही भांडवली नफा ६८ वरून मोजला जातो. "थोडे कॅशमध्ये द्या, कागदावर कमी दाखवू" म्हणणाऱ्या एजंटला हे वाक्य ऐकवा, तो बहुधा विषय बदलतो.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून आयकर खात्याच्या पोर्टलवर भरायचा. हा वेगळा खर्च नाही, बिल्डरच्या पैशातलाच. पण महिना संपल्यावर ३० दिवसांत भरला नाही तर दिवसाला २०० रुपये शुल्क. बँक तिच्या वाटणीचा हप्ता परस्पर बिल्डरला सोडते, तेव्हाही टीडीएसची जबाबदारी तुमचीच राहते. विकणारा परदेशात राहणारा असेल तर १ टक्क्याचा हिशेब चालत नाही, कापायची रक्कम खूप मोठी होते. तिथे सीएला विचारल्याशिवाय चेक फाडू नका.

जमीन कोणाची

आता मुद्द्यावर येते, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः पोळले आहे.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या आणि सिडको इथली जमीनदार झाली. म्हणून नवी मुंबईच्या नोडमधल्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरांमधल्या, बहुतेक इमारतींखालची जमीन विकलेली नाही, भाडेपट्ट्याने दिलेली आहे. साठ वर्षांचा पट्टा हा जुना प्रघात. तुम्ही फ्लॅट घेता तेव्हा भिंती तुमच्या, जमिनीवर मात्र पट्टेदार म्हणून बसलेले असता. त्यामुळे घर विकताना सिडकोची परवानगी लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागतं. घराच्या आकारमानाप्रमाणे ते बदलतं. हे शुल्क कोण भरणार, घेणारा की विकणारा, ते बयाणा देण्याच्या दिवशीच लिहून घ्या. मागाहून त्यावरून तंटे होतात. जमीन पूर्ण मालकीची करून देण्याच्या घोषणा अधूनमधून होत असतात. तुमच्या सोसायटीच्या हातात तसा कागद पडेपर्यंत घर भाडेपट्ट्याचंच समजून भाव करा.

१९९७ साली आम्ही नेरूळला सिडकोने बांधलेलं दोन खोल्यांचं घर घेतलं. यजमान ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात, मी बँकेत नवीन. घर मूळ ज्याला लागलं होतं, त्याने ते "पॉवर"वर विकलं. म्हणजे शंभराच्या स्टॅम्पवर करार, कुलमुखत्यारपत्र, ताबापावती आणि वरून एक मृत्युपत्र. तेव्हा आमच्या गल्लीत निम्मी घरं अशीच फिरलेली. एजंट म्हणाला, "मॅडम, नवी मुंबई पॉवरवरच चालते." सगळेच चालवतात म्हणून आम्हीही चालवलं. बँकेत दुसऱ्यांच्या फायली तपासणारी मी, स्वतःची फाईल मात्र कपाटात टाकून मोकळी झाले.

२००९ मध्ये घर माझ्या नावावर करायला गेले. सिडकोच्या दप्तरी नाव अजून मूळ मालकाचं, आणि ते गृहस्थ २००४ सालीच वारलेले. मुखत्यारपत्र देणारा गेला की त्याची पॉवरही गेली, हे मी रोज ग्राहकांना सांगत असे. आता वारसांच्या सह्या हव्या होत्या: दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. धाकटा मुलगा आखातात. तीन वर्षं गेली. मोठ्याने प्रत्येक सहीचा भाव सांगितला, आणि तो आम्ही दिला, कारण न देऊन करणार काय? वारस दाखला, सिडकोचं शुल्क, नव्याने रीतसर नोंदवलेला दस्त, त्यावरची त्या वर्षीच्या दराने स्टॅम्प ड्युटी. सह्यांची दक्षिणा धरून जे पैसे गेले, ते मूळ खरेदीच्या निम्म्याहून जास्त होते. याच दरम्यान, ऑक्टोबर २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असल्या गाठोड्याने स्थावराची मालकी हस्तांतरित होत नाही. मी निकालाची बातमी कापून फाईलला लावली. उशिरा का होईना.

तेव्हा सिडकोचं जुनं घर घेताना तीन कागद शेजारी शेजारी मांडा: सिडकोचं शेवटचं हस्तांतरण पत्र, नोंदवलेला खरेदीखताचा दस्त आणि सोसायटीचं भाग प्रमाणपत्र. तिन्हीवर आज विकणाऱ्याचंच नाव हवं. मधली एखादी कडी "पॉवर"ची निघाली तर ती जोडून देण्याचं काम विकणाऱ्याचं. तुम्ही ते अंगावर घेऊ नका, मग भाव दोन लाखांनी कमी असो की पाच. पट्टा किती साली सुरू झाला तेही बघा. १९८५ चा साठ वर्षांचा पट्टा २०४५ ला संपतो, आणि तुमचं वीस वर्षांचं कर्ज त्याच्याच आसपास. बँकेचा वकील हे बघतोच, पण त्याने बघायच्या आधी तुम्ही टोकन दिलेलं असतं, हीच खरी गोम.

खाजगी बिल्डरची इमारत असेल तर प्लॉट कसा आला ते विचारा. टेंडरने घेतलेला की साडेबारा टक्क्यांचा? भूमिपुत्रांनी जमिनी दिल्या, त्या बदल्यात विकसित जमिनीचा वाटा मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे आंदोलन झालं, पाच माणसं गोळीबारात गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. आपण ज्या सेक्टरांत बाल्कनीतून खाडी बघतो, त्यांच्या मागे हे आहे. व्यवहाराच्या बाजूने बघायचं तर साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मूळ शेतकऱ्याकडून बिल्डरकडे येताना बरेच हात बदलतो. वाटप पत्र, भाडेकरार, सिडकोसह झालेला त्रिपक्षीय करार आणि सगळ्या वारसांच्या सह्या, ही साखळी सलग आहे का ते सर्च रिपोर्टात, म्हणजे जमिनीच्या जुन्या दस्तांच्या तपासणी अहवालात, वाचा. सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या, तोही तुमच्या वकिलाकडून.

गावठाणातलं स्वस्त घर

घणसोलीच्या त्याच रस्त्यावर भाच्याला एकाने वेगळं आमिष दाखवलं होतं: गावातली सात मजली इमारत, निम्म्या भावात. कागद काय? "लाईटचं मीटर आहे, घरपट्टी येते, सोसायटीही होणार आहे."

हे तीन दिलासे मी अनेक वर्षं ऐकले. वीज मीटर म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. घरपट्टी महापालिका बेकायदा बांधकामालाही लावते. ती करवसुली झाली, मान्यता नव्हे. परवानगीचे कागद दोनच: बांधकाम सुरू करण्याचं, म्हणजे सीसी, आणि राहायला जाण्याचं, म्हणजे ओसी. गावकऱ्यांनी वाढत्या कुटुंबासाठी बांधलेल्या गरजेपोटीच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, तो खरा आहे आणि त्यावर सरकार निर्णय घेत आलंय. पण ती सवलत मूळ भूमिपुत्राच्या घरासाठी असते, तिच्या नावावर इमला उठवून फ्लॅट विकणाऱ्या कंत्राटदारासाठी नाही. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचा प्रश्न पेटला, तेव्हा रडणाऱ्यांत बिल्डर एकही नव्हता. सगळे हप्ते भरणारे.

बँका अशा घरांना कर्ज देत नाहीत. खाजगी फायनान्सवाला जास्त व्याजाने देईल. बँकेने नाही म्हणणं हा तुम्हाला मिळालेला फुकटचा सल्ला असतो. तो धुडकावून दुसरीकडे जाऊ नका.

रेरा नंबर हा शेवट नाही

१ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणारा कायदा, आपल्याकडे पूर्ण लागू झाला आणि घर घेणाऱ्याला पहिल्यांदा काही हत्यार मिळालं, हे मी मनापासून मानते. त्याआधी सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिनासुद्धा विकला जाई. आता किंमत कारपेटवर, आणि कारपेटची व्याख्या कायद्यात. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही.

भाच्याला बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं होतं, "आधी वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू." मी त्याला म्हटलं, उद्या जाऊन फक्त एवढंच विचार: करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही ना? दुसऱ्या दिवशी फोन आला, "मावशी, एकदम मॅनेजर बाहेर आला. चहा पण मिळाला."

महारेरा, म्हणजे हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणंही बंधनकारक आहे, फोनने स्कॅन केलंत की तेच पान येतं. तिथे चार गोष्टी मी बघते. पूर्णत्वाची तारीख, आणि ती किती वेळा पुढे ढकलली. मंजूर मजले किती. बिल्डर अठ्ठाविसावा विकतोय आणि सीसी वीसपर्यंतच आहे असं वारंवार दिसतं. जमिनीवरचे बोजे आणि दावे. आणि दर तीन महिन्यांनी भरायची प्रगतीची माहिती खरंच भरली आहे का. पुस्तकात भाच्याच्या प्रकल्पाचा ताबा "पुढच्या डिसेंबरात" होता, रेरावर त्यानंतर सोळा महिन्यांनी. तोंडी तारखेला किंमत शून्य. रेराची तारीख उलटली तर तुम्हाला पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. आपल्या राज्यात तो दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँक स्वतः ठरवते तो कर्जाचा आधारदर) अधिक २ टक्के. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. पावसात गळणारी भिंत फोटोसकट, तारखेसकट, ईमेलने कळवा. व्हॉट्सॲपवर "सर लीकेज आहे" लिहून थांबू नका.

तरीही रेरा नंबर म्हणजे पवित्र शिक्का नव्हे. डोंबिवलीत ६५ इमारती महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेरात नोंदवल्या गेल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. लोकांनी नंबर बघूनच घरं घेतली होती. म्हणून सीसीची प्रत घेऊन त्या महापालिकेच्या नगररचना विभागात जा, आवक-जावक क्रमांक खरा आहे का विचारा. वाशी, नेरूळ, घणसोली, ऐरोलीसाठी नवी मुंबई महापालिका. खारघर-कामोठ्याकडे काही कामं सिडकोकडे, काही २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेकडे. अर्धा दिवस जाईल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा.

ठाण्याकडे

माझी धाकटी बहीण घोडबंदर रोडला राहते, म्हणून थोडं त्या बाजूचं. तिथे सिडको नाही, पण सात-बारा वाचावा लागतो. "इतर हक्क" या रकान्यात खाजगी वनाचा शेरा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी बंधनं असलेली, आहे का, हे बघा. वनाच्या जुन्या नोटिशींमुळे डोंगरालगतच्या जमिनींवर वर्षानुवर्षं टांगती तलवार होती, ती जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बऱ्याच अंशी हटली. वर्ग २ च्या जमिनीवरच्या व्यवहाराला मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो.

किसननगर, लोकमान्यनगर, राबोडी इथे जुन्या इमारतीतली खोली "क्लस्टरमध्ये जाणार आहे" म्हणून चढ्या भावाने विकतात. क्लस्टर योजना, म्हणजे जुन्या इमारतींच्या अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास, आवश्यकच आहे. ठाण्याने इमारती कोसळताना पाहिल्यात, शीळफाट्याच्या २०१३ च्या दुर्घटनेत ७४ माणसं गेली. पण आज खोली घेणाऱ्याने पात्रतेची यादी, त्या विभागाचा मंजूर आराखडा आणि काम नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे महापालिकेत जाऊन विचारावं. नाहीतर तुम्ही पैसे खोलीचे नाही, घोषणेचे देता.

घोषणांबद्दल एकच उदाहरण. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये, पायाभरणी २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. बँकेतल्या एका सहकाऱ्याने उलव्यात "दोन वर्षांत विमानतळ" म्हणून फ्लॅट घेतला होता. तो निवृत्त झाल्यावर विमान उडालं.

सरकार काय देतं

लॉटरी आणि सबसिडी यांचं थोडक्यात. म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, त्याच्या कोकण मंडळाच्या सोडतीत ठाणे-नवी मुंबईतल्या खाजगी प्रकल्पांतली २० टक्के योजनेची घरंही असतात, ती सगळ्यात चांगली, कारण चालू भावापेक्षा खूप स्वस्त पडतात. आपल्या पट्ट्यात म्हाडाच्या उत्पन्न मर्यादा: अत्यल्प गट वर्षाला ६ लाखांपर्यंत, अल्प ९, मध्यम १२, आणि नवरा-बायकोचं उत्पन्न मिळून धरतात. लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. सिडकोच्या २६,००० घरांच्या योजनेची नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि किमती जाहीर झाल्या जानेवारी २०२५ मध्ये. वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळचं अल्प उत्पन्न गटाचं घर तेव्हा सत्तर लाखांच्या वर होतं. किंमत बघून अनेकांनी तोंड फिरवलं. अर्ज भरा, जरूर भरा, पण लॉटरी लागली म्हणजे घर परवडलं असं नाही. हप्त्याचं गणित अर्जाच्या दिवशी करा.

प्रधानमंत्री आवासची दुसरी आवृत्ती, २०२४ ची, व्याजावर ४ टक्के सूट देते. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. अटी: कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नको. पस्तीस लाखांत ऐरोलीत गाडी लावायची जागा मिळेल. तळोजा, अंबरनाथ, बदलापूरकडे बघणाऱ्यांनी मात्र ही सूट सोडू नये. गावचं वडिलोपार्जित घर तुमच्या नावावर आलंय का हे आधी तपासा. आलं असेल तर खोटं प्रतिज्ञापत्र करू नका, सबसिडी व्याजासकट परत जाते.

ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी

घर झालं की सरकारशी संबंध संपला असं वाटतं. संपत नाही.

कर्ज फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ वर आला, तरी जुन्या कर्जदारांपैकी अनेकांचा हप्ता आहे तिथेच आहे, कारण त्यांचं कर्ज जुन्या एमसीएलआरला बांधलेलं. बँकेत एक अर्ज आणि थोडी फी, की रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येतं. बँक आपणहून सांगत नाही. मी खिडकीच्या आतून बोलतेय. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, नाहीतर बँकेने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा.

सोसायटीने घर हस्तांतराला २५,००० पेक्षा जास्त प्रीमियम मागणं चूक आहे, "इमारत निधी" वगैरे नाव दिलं तरी. घर भाड्याने दिलंत तर बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. आमच्या शेजारच्या सोसायटीत दुप्पट देखभाल लावत होते. एका आजींनी नियमाची झेरॉक्स सूचना फलकावर चिकटवली, विषय संपला.

आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीचे हक्क बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, ते झालंय का ते येत्या सर्वसाधारण सभेत विचारा. बिल्डर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, २००८ च्या दुरुस्तीपासून ही सोय आहे. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत पुनर्विकासाचं वारं आहे. तिथे लक्षात ठेवा: ४ जुलै २०१९ च्या सरकारी निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती. घरोघरी फिरून कोऱ्या कागदावर सह्या गोळा करणाऱ्याला चहा पाजा, सही देऊ नका.

भाच्याने टोकन परत मागितलं. महिनाभर टोलवाटोलवी झाली, मिळालं. मग ऐरोलीत ओसी असलेलं नऊ वर्षांचं घर सापडलं, ७८ लाखांत. भाचेसुनेच्या एकटीच्या नावावर, ६ टक्के ड्युटी, जीएसटी नाही. सिडकोचं शुल्क विकणाऱ्याने भरायचं, हे बयाण्याच्या कागदातच आलं. दस्ताच्या दिवशी मी दोन साक्षीदारांपैकी एक होते. अंगठे आणि फोटो घेण्याआधी कार्यालयात डेटा एंट्रीची प्रिंट वाचायला देतात. लोक ती हातात घेतात आणि न वाचता परत करतात, मागे रांग असते ना. मी चष्मा लावला. कारपेट बरोबर, मजला चौथा बरोबर, किंमत बरोबर, आणि फ्लॅट क्रमांक ४०३ च्या जागी ३०४.

"हे होतं असं कधीकधी," खिडकीतला मुलगा म्हणाला आणि दुरुस्त करून दुसरी प्रिंट दिली. तीही वाचली.